रात्रीसाठी राखलेले ऊन

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाची खूण म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक लहानसे हरितगृह द्यायचे ठरवले आहे. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि माणसाला ताठ उभे राहता येईल एवढे उंच. निधी जमला आहे. जागा आणि बांधणी अद्याप ठरायची आहे. दिल्लीच्या हिवाळ्यात ते उबदार कसे ठेवायचे, एवढ्याच प्रश्नावर बोलण्याची आज्ञा मला झाली, कारण माझी नोकरीची सारी वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. विषय लहान आहे, परंतु त्यात पैशाचा आणि मुलांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

उत्तरेत राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न नवा नाही. कार्तिकात आपण तुळशीचे लग्न लावतो आणि पौषात तीच तुळस काळी पडून वाळते. गावाहून हौसेने आणलेला कढीलिंब पाने टाकतो, अळूचे दांडे मान टाकतात, जास्वंद खराट्यासारखी दिसू लागते. इथली भाषाही आपली गंमत करते. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. हिंदीत पाला म्हणजे पाने जाळणारे गोठलेले दव. हा पाला त्या पाल्याचा वैरी आहे.

हा वैरी येतो कसा? पुष्कळांचा समज असा, की बोचरा वारा आणि दाट धुके झाडे मारतात. वस्तुतः ढगाळ किंवा धुक्याची रात्र पाल्याच्या दृष्टीने त्यातल्या त्यात निर्धोक असते. जमीन आणि पाने रात्रभर आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे टाकीत असतात. वर ढगांचे किंवा धुक्याचे पांघरूण असेल तर त्यातली बरीचशी उष्णता परत मिळते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तेव्हा मात्र ती निघून जाते, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. वर्तमानपत्रात छापलेले किमान तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेले असते. म्हणून ‘४ अंश’ अशी बातमी असलेल्या सकाळीही गवतावर पांढरा थर दिसू शकतो. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा उणे ०.६ अंशापर्यंत उतरला होता. असे आकडे विरळा. पण झाडे मरण्यासाठी तेवढ्या थंडीची गरज नसते.

पाला पडतो तेव्हा पानातील पेशींच्या बाहेरचे पाणी आधी गोठते. तो बर्फ पेशीच्या आतले पाणी ओढून घेतो, पेशी कोरडी पडते आणि तिचे आवरण फाटते. सकाळी ऊन लागले की ते पान उकडल्यासारखे लिबलिबीत होते. तुळशीसारख्या उष्ण प्रदेशातील झाडांना तर पाणी गोठण्याआधीच, १० अंशांच्या खाली, थंडी बाधू लागते. आपल्या हरितगृहात पहाटे ८ अंश टिकवता आले, तर ही झाडे वाढणार नाहीत, पण जगतील. हिवाळ्यात त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

आता उष्णतेचा हिशेब. मोकळ्या मैदानात एकेरी प्लॅस्टिकचे हरितगृह उभारले, तर चार भिंती आणि छत मिळून सुमारे २६ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. एकेरी प्लॅस्टिकच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानातील दर अंशाच्या फरकामागे, साधारण ६ वॅट उष्णता निसटते. बाहेर २ अंश आणि आत ८ अंश हवे असतील, तर सतत ९४० वॅटच्या आसपास उष्णता पुरवावी लागेल. बारा तासांच्या रात्रीला ती ११ युनिट वीज झाली. शिवाय साध्या पॉलिथीनमधून ते अदृश्य किरण काचेपेक्षा फार सहज आरपार जातात. त्यामुळे उष्णतेची सोय नसलेले एकेरी पॉलिथीनचे घर निरभ्र रात्री कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते. नुसते प्लॅस्टिक ताणले की झाडे सुरक्षित झाली, असे समजू नये.

हा हिशेब ऐकल्यावर मनात पहिला विचार येतो तो शेगडीचा. तो इथेच सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बंद जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. हरितगृहात कोणी झोपणार नाही हे खरे, पण पहाटे दार उघडून आत जाणारे पहिले पाऊल एखाद्या मुलाचे असेल. रॉकेलचा स्टोव्हही नको. त्याच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा इथिलीन वायू टोमॅटोची पाने वाकडी करतो आणि कळ्या गाळतो.

मग मार्ग कोणता? लेहमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर, हिवाळी रात्री पारा उणे २० अंशांच्या आसपास जातो. तिथेही लोक हरितगृहात पालकासारख्या भाज्या पिकवतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी काहीही जाळत नाहीत. त्यांची रचना साधी असते. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. प्लॅस्टिक फक्त दक्षिणेकडच्या उताराला असते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती असतात, आणि दुहेरी भिंतींच्या मधल्या फटीत गवतपेंढा भरलेला असतो. दिवसा भिंती आणि जमीन ऊन पितात, रात्री ते परत देतात, आणि सूर्य मावळला की प्लॅस्टिकवर किंवा त्याच्या आतून पडदा ओढला जातो. लेहच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने आणि स्थानिक संस्थांनी अशा घरांवर बरीच वर्षे काम केले आहे. दिल्ली म्हणजे लेह नव्हे. तिथे ऊन भरपूर, इथे धुक्याचे दिवस अनेक. तरी कामांचा क्रम आपण तिथूनच घ्यावा. आधी गळती थांबवायची, मग दिवसाचे ऊन साठवायचे, आणि त्यानंतर जे उणे राहील तेवढ्यापुरतीच वीज वापरायची.

हा क्रम आपल्या जागेला लावून पाहू. हरितगृह मैदानात न उभारता शाळेच्या दक्षिणाभिमुख भिंतीला टेकवून उभारावे. एक मोठी बाजू विटांची झाली, की उघडा पृष्ठभाग २६ वरून २० चौरस मीटरवर येतो. प्लॅस्टिक अतिनील किरणांना टिकणारे, २०० मायक्रॉनचे आणि दुहेरी घ्यावे. दोन पडद्यांमध्ये हवेचा थर राहू द्यावा. आता दर चौरस मीटरची गळती ६ वॅटवरून साधारण ४ वॅटवर येते, म्हणजे ९४० वॅटच्या जागी ४८० वॅट पुरतात. रात्री वरून जाड पांघरूण घातले, तर आणखी एक तृतीयांश बचत धरायला हरकत नाही. त्यासाठी महागडे कापड नको. प्रत्येक मराठी घरात एखादी जुनी गोधडी असतेच. दवाने भिजू नये म्हणून तिला वरून मेणकापड लावावे. असे केले की रात्रीची गरज ११ युनिटांवरून ४ युनिटांच्या आत येते.

ही चार युनिटे पाणी देईल. मागच्या भिंतीलगत २०० लिटरची, काळ्या रंगाने रंगवलेली चार पिंपे भरून ठेवावीत. एका पिंपातले पाणी रात्रभरात ५ अंशांनी निवले, तर त्यातून १.१६ युनिटांइतकी उष्णता बाहेर पडते. चारांची मिळून ४.६ युनिटे. पिंपांवर फळ्या टाकून कुंड्या मांडता येतील. झाकणे मात्र घट्ट हवीत, नाहीतर आपण तुळशीबरोबर डासही पाळू. चार पिंपांचे वजन ८०० किलोच्या वर जाते, म्हणून हरितगृह गच्चीवर बांधण्याची सूचना मला योग्य वाटत नाही. ते जमिनीवरच असावे.

राहिला सूर्य न दिसणाऱ्या दिवसांचा प्रश्न. धुक्याचे चार-पाच दिवस सलग आले की पिंपे तापत नाहीत. त्या काळासाठी पंख्याचा १००० वॅटचा एक हीटर स्वतंत्र तापमान नियंत्रकावर जोडून ठेवावा. आतला पारा ६ अंशांवर आला की तो आपोआप सुरू व्हावा आणि ८ वर बंद व्हावा. ओलसर जागा असल्याने अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये, आणि ही जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी. झाडांच्या उंचीवर किमान-कमाल तापमापी टांगून मुलांनी रोज दोन्ही आकडे वहीत लिहावेत. दुसऱ्या हिवाळ्यात आपल्याला माझ्यासारख्या वक्त्याची गरज उरणार नाही. मुलांची वहीच सांगेल.

आता मुख्य अडचण सांगते. ही व्यवस्था पुष्कळशी आपोआप चालते, पण अगदी सगळी नाही. सकाळी ऊन आले की गोधडी काढावी लागते. दुपारी आतला पारा ३० अंशांवर चढू लागला की झडप उघडावी लागते, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. साडेतीनच्या सुमारास झडप लावून उष्णता आत कोंडावी लागते आणि अंधारापूर्वी गोधडी पुन्हा पांघरावी लागते. शाळा भरते तेव्हा ही कामे मुले आनंदाने करतील. परंतु पाल्याचे दिवस नेमके जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतात, आणि त्याच वेळी शाळेला हिवाळी सुटी असते. डिसेंबरभर जपलेले झाड सुटीतल्या एका निरभ्र रात्री जाऊ शकते, आणि शाळा उघडल्यावर मुलांना दिसेल ती काळी पडलेली तुळस. तिला पाहून ती काय शिकतील, याचा विचार आपण करावा.

मला या शाळेबद्दलही हेच म्हणावेसे वाटते. परप्रांतातील मराठी शाळा मुलाला दिवसाचे पाच-सहा तास भाषेचे ऊन देते. उरलेल्या वेळी ते टिकवणे शाळेच्या हातात नाही. ते घराच्या हातात आहे. साठ वर्षे शिक्षकांनी आपला वाटा चोख उचलला. बाकीचा आपला आहे.

म्हणून निधी दिल्यानंतर आणखी एक गोष्ट मागते. सुटीच्या पंधरा दिवसांसाठी पंधरा कुटुंबे हवीत. प्रत्येकाने एकच दिवस घ्यावा. सकाळी एक फेरी, दुपारी एक, आणि त्या दिवशीचे दोन आकडे वहीत. शक्यतो मुलाला सोबत आणावे, आणि आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनाही. पाळीची वही बाहेर अल्पोपाहाराच्या टेबलावर ठेवली आहे. चहा घेण्याआधी कृपया तिच्यात आपले नाव लिहावे.