अडलेला प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती



उद्योगाचे प्रश्न विद्यार्थ्यांनी सोडवणे, हा आजचा विषय मुंबईला नवा नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला, तेव्हा शहरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि कापडाच्या रंगाईचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती. सुरुवातीच्या विषयांत वस्त्ररसायन आले ते त्यामुळेच. पुढे माटुंग्यात स्थिरावलेल्या या विभागाला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. घरडा केमिकल्स उभी करणारे केकी घरडा तिथलेच विद्यार्थी.

तरीही बहुतेक महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे कारखान्याचे पत्र, दोन-तीन फेऱ्या आणि बांधून दिलेला अहवाल. त्यात विद्यार्थ्याचे उमेदीचे वर्ष जाते आणि कारखान्याच्या पदरी काही पडत नाही. याचे खरोखर वाईट वाटते.

कॅलिफोर्नियातील हार्वे मड कॉलेजने १९६३ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या ‘क्लिनिक’मध्ये कंपनी शुल्क भरते आणि स्वतःचा अडलेला प्रश्न देते. चार-पाच विद्यार्थी शैक्षणिक वर्षभर त्याच्यामागे लागतात. प्राध्यापक मार्गदर्शन करतात, कंपनीचा एक जाणकार त्यांच्या नियमित संपर्कात असतो. कामातून निघालेल्या शोधाचे हक्क कंपनीचे, हे आधीच ठरलेले असते. शुल्कापेक्षा त्या जाणकाराचा वेळ मोलाचा, असे आमच्या स्वागत समितीला वाटते. धनादेश देणारे भेटतात, पण मुलांच्या शंकांना उत्तर देणारा अभियंता मोकळा करणारे थोडे.

भारतातही चांगले दाखले आहेत. आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कमध्ये जागा घेणाऱ्या कंपन्यांना प्राध्यापक-विद्यार्थ्यांबरोबर काम करून श्रेयांक मिळवावे लागतात. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीच्या एका योजनेत तर पीएचडी करणाऱ्याच्या विद्यावेतनाचा निम्मा वाटा कंपनीने उचलावा, अशी रचना झाली.

खरी ओढाताण होते ती प्रसिद्धीवरून. शोध आधी छापला गेला तर पेटंट हातचे जाऊ शकते. छापायलाच मनाई झाली तर विद्यार्थ्याचा प्रबंध अडतो. पेटंटचा अर्ज आधी आणि शोधनिबंध लगेच त्यामागोमाग, असा क्रम मुदतीसह करारात लिहिला की दोघांचेही काम होते. म्हणून आजचे पहिले सत्र कराराच्या मसुद्यासाठी राखले आहे. दुपारी उद्योजक आपापले प्रश्न मांडतील. विद्यार्थ्यांनी त्यांना संकोच न करता उलट प्रश्न विचारावेत.