एका नळाच्या चार वाटा
(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वाडवडिलांनी तांब्यापितळेची भांडी घडवून संसार केले. पुढे स्टेनलेस स्टील आले, त्यामागून प्लास्टिक आले आणि घरोघरच्या भट्ट्या विझल्या. मुले मुंबईस गेली. त्यांना कोणी बोल लावू नये. परंतु धातूला जोड देण्याची, डाख लावण्याची, गळती हेरण्याची जी विद्या आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिला आज या रत्नागिरीतच काम आहे, एवढे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. विषय ऐकून काहींना हसू येईल. मोटारी धुण्याच्या गाळ्यांतील नळकाम हा तो विषय होय.

गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्या तांबड्या चिखलाने माखून गावी येतात. समुद्राचा खारा वारा गाडीचे पत्रे खातो तो वेगळाच. आपल्या एका तरुण बांधवाने महामार्गालगत चार गाळे उभारले. गाडीवाल्याने पैसे भरावे, स्वतः पिचकारी हाती घ्यावी आणि ठरलेली मिनिटे संपताच पाणी आपोआप बंद व्हावे, अशी ती सोय. नळकाम आम्ही केले, आणि पहिल्या खेपेस ते चुकले.

टाकीचे पाणी एका जाड नळीत घेऊन तिला गाळ्यागणिक फाटा काढावयाचा असतो. या नळीस कारागीर हेडर किंवा मॅनिफोल्ड म्हणतात. प्रत्येक फाटा त्या त्या गाळ्याच्या दाबपंपाला पाणी पुरवितो. आम्ही एक इंची नळी घातली, तिला एका टोकाने पाणी दिले आणि पाऊण इंचाचे चार फाटे काढले. एकच गाडी उभी असे तोवर सारे ठीक चाले. चारही गाळे भरले की चौथ्या गाळ्यातली धार मलूल होई आणि तेथील पंप खडखडू लागे. आम्ही पंपालाच दोष दिला, तो बदलला, तरी खडखड थांबेना.

उत्तर सुचले ते एका आगरात. पाटाचे पाणी पहिल्या माडाच्या अळ्यात तुडुंब भरते. शेवटच्या माडाशी पोहोचेतो ओहोळाची ओल उरते. आमच्या नळीतही तेच घडत होते. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पाऊण इंची चार फाट्यांचे क्षेत्रफळ मिळून दीड इंची नळीएवढे भरते. आमच्या एक इंची नळीचे त्याच्या निम्मेही नव्हते. तेवढेच पाणी दीडऐवजी एक इंची नळीतून न्यावे, तर घर्षणाने खर्ची पडणारा दाब सुमारे साडेसातपट होतो. १० मीटर उंचीच्या टाकीपासून चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलो दाब मिळतो. आमची टाकी त्याच्या निम्म्या उंचीवर. एवढ्या तुटपुंज्या भांडवलात अशी उधळपट्टी कशी परवडावी? पंपाला पाणी अपुरे पडले की आत बुडबुडे निर्माण होतात आणि ते फुटताना धातू कुरतडतात. खडखड होत होती ती त्याची.

मग दोन इंची नळी घातली आणि तिला मध्यभागी पाणी दिले. प्रत्येक फाट्यावर बंद करण्याचा व्हॉल्व्ह, गाळणी आणि युनियन बसविले, म्हणजे एक गाळा दुरुस्तीस काढला तरी उरलेले तीन चालू राहतात. साबणाचे पाणी मागे फिरून टाकीत शिरू नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह घातला. सर्वांत खाली गाळ काढण्याची तोटी, सर्वांत वर हवा सोडण्याची.

एक धोका मात्र नवा होता. वेळ संपताच विजेचा व्हॉल्व्ह क्षणात मिटतो, आणि धावते पाणी अडताच हातोड्यासारखे आदळते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ च्या सुमारास याचे गणित मांडले. धातूच्या नळीत सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकाएकी थांबले, तर दाब चौरस सेंटिमीटरला १० किलोहून अधिक चढतो. त्यास उपाय म्हणजे फाट्यावर हवेची बंद कुपी. हवा दबते आणि घाव सोसते.

धातूविषयी तर आपणांस कोणी शिकवावे असे नाही. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी खाऱ्या हवेत लवकर गंजते, तांबेपितळ टिकते. मात्र तांब्यावरून वाहून आलेले पाणी पुढच्या लोखंडी नळीस खाते, म्हणून दोहोंची मोट बांधू नये. पंपाच्या पुढे दाब कित्येक पटींनी वाढतो. तेथे त्या दाबासाठीच बनविलेली रबरी नळी हवी.

आणखी एक कर्तव्य आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि वैशाखात घागरी रिकाम्या राहतात. म्हणून धुण्याचे पाणी पऱ्ह्यात सोडू नये. पहिल्या हौदात चिखल बसू द्यावा. दुसऱ्यात तेल वर तरंगते, तेव्हा पाणी तळाकडून घ्यावे. निवळलेले पाणी पहिल्या धुण्यास पुन्हा चालते.

बंधुभगिनींनो, चौथ्या गाळ्यातील गिऱ्हाईकाने पहिल्याइतकेच पैसे मोजलेले असतात. त्याला मलूल धार देणे म्हणजे मापात पाप करणे होय. आम्ही ते अजाणतेपणी काही दिवस केले, याची खंत आहे. त्या तरुणाने मात्र त्या गाळ्यातील ज्या गिऱ्हाइकांना तो ओळखत होता, त्यांना बोलावून गाड्या विनामूल्य धुऊ दिल्या. हंडा गळका निघाला तर तो पदरमोड करून बदलून देणाऱ्या घराण्यांना हे वागणे नवे नाही. भट्टी विझली असेल. ही रीत विझू नये. ज्या मुलांना गावी राहावयाचे आहे त्यांच्या हाती पाना आणि गेज द्या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.