निळा काटा, लाल काटा



आज सकाळपासून चार जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गाडीचा एसी गार करत नाही, गॅस भरून देतोस का?" म्हणून दहावीच्या गमती सांगायचं सोडून याच विषयावर बोलतो.

सन 2006, मे महिना, सोलापूरचं ऊन. माझं गॅरेज नवीन. एक टॅक्सीवाला आला. हायवेला एसी गार, गर्दीत थांबलं की गरम. गेज न लावताच मी गॅस भरला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर जाम. नंतर बघतो तर कंडेन्सरच्या पंख्याचा फ्यूज गेलेला, दहा रुपयांचा! जादा प्रेशरला कॉम्प्रेसर बंद करणारा स्विचही कुणीतरी आधीच डायरेक्ट केलेला. माणूस कर्जात होता. नवा कॉम्प्रेसर मी बसवून दिला. पैसे फेडायला मला आठ महिने लागले.

गेज लावले असते तर दोन्ही काटे वर दिसले असते. दोन्ही वर म्हणजे कंडेन्सर गार होत नाही, नाहीतर गॅस जास्त झालाय किंवा आत हवा शिरलीय. दोन्ही खाली असतील तर बहुधा गॅस कमी, म्हणजे आधी लीक शोधायचा. निळा वर आणि लाल खाली, तर संशय कॉम्प्रेसरवर. निळा शून्याखाली ओढला गेला तर वाटेत अडथळा. आत ओल असेल तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठते, म्हणून एसी मधूनच चालतो, मधूनच रुसतो. पस्तीस अंशांच्या दिवशी 134-ए गॅसच्या गाडीत निळा साधारण 30 ते 45 आणि लाल 200 ते 250 पौंड दाखवतो. इंजिन बराच वेळ बंद असेल तर दोन्ही काटे सारखे, 110-115च्या आसपास. पण गॅस निम्मा असला तरी तेवढेच! त्यामुळे बंद गाडीवरून गॅस पुरेसा आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सर, दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे तुम्ही कुकरची शिट्टी दाखवून शिकवलं होतं. मी तेव्हा मागच्या बाकावर डबा खात होतो. तो धडा मला त्या कॉम्प्रेसरने शिकवला, आणि फी जरा जास्त घेतली.

गेज डिकीत आहेत. जेवणं झाली की त्या चौघांनी गाड्या पिंपळाखाली आणाव्यात. गॅसचा डबा मात्र मी मुद्दाम आणलेला नाही.