काडतुसाच्या पुंगळीवरील डाग



काडतूस म्हटलें कीं आपलें लक्ष गोळीकडे जातें. आज मला बोलावयाचें आहे तें गोळी सुटल्यावर मागें राहणाऱ्या पितळी पुंगळीविषयीं.

ही पुंगळी बहुधा ७० भाग तांबें व ३० भाग जस्त यांच्या पितळेची असते. बार उडतांच ती फुगून बंदुकीच्या घरांत घट्ट बसते आणि तापलेला वायु मागें येऊं देत नाहीं. बुडाशीं तिला तडा गेला, तर तोच वायु बंदूक चालविणाराच्या तोंडावर येण्याचा धोका असतो.

एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश लष्कराला एक चमत्कारिक अनुभव आला. पावसाळ्यांत घोड्यांच्या पागेंत ठेवलेलीं काडतुसें न उडवितांच मानेपाशीं तडकूं लागलीं. इंग्रजींत या दोषाला 'ऋतूचे तडे' अशा अर्थाचें नांव पडलें. खरें कारण मूर, बेकिनसेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं उलगडून दाखविलें. घोड्यांच्या मूत्रांतून सुटणारा अमोनिया दमट हवेंत पितळेस बाधतो; पण केवळ तेवढ्यानें पुंगळी तडकत नाहीं. चकती दाबून व ओढून ती घडवितांना धातूंत जो ताण कोंडून राहतो, त्याचीहि जोड लागते.

यावरील उपाय आपल्या तांबटांच्या परिचयाचाच आहे. ठोकून ताठरलेलें भांडें ते तापवून नरम करतात. तशीच पुंगळीची मान शेवटीं ज्योतीवर तापवितात. त्यानें तिच्यावर निळसर-तपकिरी डाग पडतो. लष्करी मालावर तो बहुधा तसाच ठेवतात. ताव दिल्याची ती खूण होय. बाजारी मालावरून तो घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला झळाळी हवी असते.

कांहीं देशांतील नेमबाज रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. त्यांना आणखीहि भेद ध्यानांत ठेवावे लागतात. लष्करी पुंगळीच्या बुडाची टोपी पुष्कळदां कड दाबून जखडलेली असते. ती कड काढल्यावांचून नवी टोपी नीट बसत नाहीं. शिवाय तिच्या भिंती अनेकदां जाड असतात. बाहेरून माप तेंच, पण आंतली पोकळी लहान. बाजारी पुंगळीच्या अंदाजानें तींत दारू भरली, तर दाब धोक्याइतका वाढूं शकतो.

पितळ लखलखीत ठेवणें हें सुगृहिणीचें लक्षण खरेंच. मात्र अमोनिया असलेल्या पाण्यांत पितळी वस्तु भिजत ठेवूं नयेत. आणि लष्करी पुंगळी कधीं पाहण्यांत आलीच, तर तिच्या मानेवरील डागाला मळ समजूं नये.