युद्धनौकांची निगा आणि नवे बळ

(खांडबारा येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



समुद्रापासून दूर असलेल्या खांडबाऱ्यात युद्धनौकांविषयी बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग ज्या सुरतेकडे जातो, तेथूनच लवजी नसरवानजी वाडिया हे कसबी जहाजबांधणीकार १७३६ साली मुंबईच्या गोदीत आले. वाडिया घराण्याने तेथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते इंग्लंडमध्ये आजही जतन केलेले आहे. त्या गोदीचा वारसा आजची मुंबईची नौदल गोदी चालवीत आहे.

नौका बांधली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो, तशीच नौकेचीही निगा राखावी लागते. खारे पाणी रात्रंदिवस पोलाद खात असते. तळाला शेवाळ व शिंपले चिकटले की वेग मंदावतो आणि इंधन अधिक जळते. म्हणून ठरावीक काळाने नौका सुक्या गोदीत घेतात. दरवाजा लावून पाणी उपसले की ती ठोकळ्यांवर स्थिरावते. मग तळ खरवडणे, झिजलेले पत्रे कापून नवे जोडणे, नळ व झडपा तपासणे आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे बदलणे, ही कामे सुरू होतात.

या कामाचे मोल १९७१ साली दिसून आले. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या बॉयलरमध्ये १९७० साली भेगा आढळल्या होत्या. विमानाच्या उड्डाणास समोरून वेगवान वारा लागतो आणि तो नौकेच्या गतीमुळे मिळतो. त्यामुळे हा दोष गंभीर होता. तथापि वाफेचा दाब कमी ठेवून, टप्प्याटप्प्याने चाचण्या घेऊन तंत्रज्ञांनी तिला पुन्हा समुद्रात नेले. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्या विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. या यशात वैमानिकांइतकाच वाटा बॉयलरजवळ उभे राहिलेल्या माणसांचा होता.

दुरुस्तीबरोबरच आधुनिकीकरणही आवश्यक असते. माझगाव गोदीत बांधलेली ‘दिल्ली’ ही विनाशिका १९९७ साली नौदलात आली. आधुनिकीकरणानंतर २०२२ साली तिच्यावरून ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्र डागण्यात आले. परंतु नवे शस्त्र म्हणजे नवे वजन, अधिक वीज आणि अधिक थंडावा. हा हिशेब चुकल्यास नौकेचा तोल बिघडतो. दीर्घ दुरुस्तीसाठी नौका थांबलेली असतानाच हे बदल केले, तर तिला पुन्हा पुन्हा सेवेतून काढावे लागत नाही.

गोदीतील काम जोखमीचेही असते. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या गोदीतून बाहेर काढताना ‘बेतवा’ ही नौका कलंडली आणि दोन नौसैनिकांचे प्राण गेले. तेथे निष्काळजीपणास क्षमा नाही.

मित्रहो, हे काम वेल्डर, फिटर, वीजतंत्री आणि यंत्रकारागीर यांचे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या तरुणांना मुंबईची नौदल गोदी शिकाऊ उमेदवार म्हणून घेते. आपल्या भागातील मुलांनी त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे आणि अर्ज करावेत. देशाच्या रक्षणात बंदुकीइतकेच महत्त्व भक्कम सांध्याला आहे, हे ध्यानी घेऊन हातातील कसबाची लाज न बाळगता त्याचा अभिमान बाळगावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.