साहेब बदलला, दावा नाही बदलला
(तालुका मेळाव्यातलं भाषण)

जिंदाबाद!

आयांनो, दादांनो, मी बारावी शिकलेला, वकील नाही. पण कायदा वाचलाय, तो सांगतो.

आमच्या पाड्यावर एक तलाठी होता. पायी यायचा, वनहक्क समितीबरोबर प्लॉटवर उभा राहायचा. सव्वा वर्ष झालं आणि ऐन आवणीत त्याची बदली. नवा म्हणला, मला काय माहीत नाही, परत अर्ज करा. सगळे म्हणले, मोर्चा काढू, जुना साहेब परत आणू. मी पण म्हणलो.

मग 2005 चा बदल्यांचा कायदा वाचला. महाराष्ट्रात तो 1 जुलै 2006 पासून लागू आहे. सरकारी नोकराची एका जागेची मुदत साधारण 3 वर्षे. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मे मध्ये. मुदतीआधी हलवायचं तर कलम 4(5) प्रमाणे कारण लेखी पाहिजे, वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी पाहिजे. पुढाऱ्याचा फोन हे कारण नाही. तलाठी, वनरक्षक यांना हा कायदा लागतो. ग्रामसेवक, जि. प. चे मास्तर यांचे नियम वेगळे.

बदलीविरुद्ध मॅटमध्ये जायचं ते त्या कर्मचाऱ्यानं. आपण काय करायचं? 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारायचं: कारण काय लिहिलं? मंजुरी कोणाची? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्याच कायद्याचा दुसरा भाग आपल्या जास्त कामाचा. कोणाच्याही टेबलावर फाईल साधारण 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. 'मी नवीन आहे' असं कलम त्यात कुठं नाही.

आणि वनहक्क कायद्यात पण कलम 4(5) आहे. पडताळणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. दोन कायदे, एकच आकडा. पोरांना पाठ करायला लावा.

आमच्याकडं ज्यांनी ठराव, पंचनाम्याची झेरॉक्स ठेवली होती, त्यांचे कागद नव्या साहेबाला घ्यावेच लागले. ज्यांनी भरवशावर सगळं जुन्या साहेबाच्या हातात दिलं, त्यांचे दावे अजून अडकलेत. त्यात माझी काकी पण आहे. साहेब चांगला होता, पण पोच घेतली नव्हती.

म्हणून चांगल्या साहेबाकडून पण पोच घ्या.

जिंदाबाद!