बँक माल बघत नाही, कागद बघते

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं निर्यातीची कागदपत्रं तपासायचं काम केलं. गेटवरचा संत्री साहेबांचा चेहरा ओळखत असला तरी ओळखपत्र मागतोच. एलसीखालची बँक अगदी तशीच. तुमची सांगलीची हळद कितीही उत्तम असू दे, बँकेला तिच्याशी कर्तव्य नाही. ‘यूसीपी 600’ हे नियम 1 जुलै 2007 पासून लागू आहेत, त्यात हे स्पष्ट लिहिलंय.

म्हणून कागद बँकेच्या नजरेनं वाचायचे. एलसीत ‘टर्मरिक फिंगर्स’ असेल आणि इन्व्हॉइसवर नुसतं ‘टर्मरिक’, तर झाली डिस्क्रेपन्सी. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळावंच लागतं. बाकीच्या कागदांवर मोघम वर्णन चालतं, फक्त विसंगत नको. ‘मशीन’च्या स्पेलिंगमधली किरकोळ चूक माफ असते. पण मॉडेल 321 च्या जागी 123 पडलं, की नाही.

वजनाची गंमत बघा. एलसीत ‘20 टन’ असेल, तर पाच टक्के कमी-जास्त चालतं, एकूण रक्कम ओलांडली नाही आणि एलसीत मनाई नसली म्हणजे झालं. तिथंच ‘800 पोती’ लिहिलं असेल, तर ही सूट नाही. एक पोतं जास्त गेलं तरी बँक बोट ठेवणार. हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

तारखांचं गणित कागदावर मांडा, डोक्यात नको. एलसीत वेगळं काही नसेल, तर माल जहाजावर चढल्यापासून 21 दिवसांत कागद द्यायचे. 4 मार्चला माल चढला, तर 25 मार्चपर्यंत. पण एलसीची मुदत 20 मार्चलाच संपत असेल, तर 20 हीच तारीख. सीआयएफ सौद्यात विमा निदान 110 टक्क्यांचा हवा, आणि संरक्षण माल चढण्याच्या तारखेनंतर सुरू होणारं नको.

आता खरा मुद्दा. माझ्या माहितीतल्या एका हळद निर्यातदाराचे कागद परत आले. दरम्यान तिकडे भाव पडले होते. खरेदीदारानं सवलत मागितली. माल परदेशी बंदरात पडून, भाडं रोज चढतंय. निर्यातदारानं मान तुकवली. डिस्क्रेपन्सी हत्यार होते ती अशी, आणि मला त्याचा राग येतो.

पण बँकेवरही बंधनं आहेत. कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच बँक-कामकाजाचे दिवस तिला मिळतात. नकार द्यायचा तर एकाच नोटिशीत प्रत्येक त्रुटी नेमकी सांगायची. आज एक, परवा दुसरी, असं चालत नाही. उशीर केला किंवा ‘कागद एलसीप्रमाणे नाहीत’ एवढंच लिहिलं, तर तिला नकाराचा हक्क राहत नाही. नोटीस आली की आधी तिच्यावरची तारीख बघा, मग त्रुटी. मुदत शिल्लक असेल, तर दुरुस्त कागद पुन्हा देता येतात.

आणि एलसी हातात पडल्या दिवशीच वाचा. ‘खरेदीदाराच्या प्रतिनिधीनं सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र’ अशी अट दिसली, तर पैशाची किल्ली तुम्ही खरेदीदाराच्याच खिशात ठेवताय. ती अट काढून टाकणारी दुरुस्ती मागा, आणि ती येईपर्यंत गोदामातून एक पोतंही हलवू नका.